कंपनीच्या म्हणण्यानुसार

डिप्लोम्याचं पुस्तक वरोऱ्याच्या बसमध्ये वाचलं,
अर्धं. उरलेलं दुपारच्या सुट्टीत,
वॉशरीच्या गेटाजवळच्या टपरीत,
जिथं चहावर सायीच्या आधी काळी पुटी धरते.

पुस्तकात होतं: जनसंपर्क म्हणजे
संस्था आणि तिचे हितसंबंधी यांच्यातला
नियोजित, सातत्यपूर्ण सद्भाव.
'हितसंबंधी'खाली पेन्सिलीनं रेघ मारली
आणि मोहझरीतली घरं मोजली. एकशे बारा.
शिवाय बंडू ठेंगण्याची आंधळी म्हैस,
जी तळ्याची वाट वासानं ओळखायची
आणि आता चौकात उभी राहते, तोंड वर करून.

बाबांना विचारलं, टार्गेट ऑडियन्स म्हणजे कोण?
बाबा कोतवाल. चौतीस वर्षं डफडं वाजवून
पोलिओचा डोस, राशनचं रॉकेल,
ग्रामसभेची तारीख आणि तिची रद्द झालेली तारीख
सांगत फिरले.
म्हणाले, "एक आयकनारे. अन् दुसरे, दार लावून आयकनारे.
दुसऱ्यायसाठी आवाज हळू करा लागते, मंग ते दार उघडतेत."
आणि फीडबॅक?
"कुत्रं भुकलं का नाई, ते."

कुलश्रेष्ठ साहेब बुधवारी नागपूरहून येतात.
त्यांचे शब्द इस्त्री केलेले असतात.
धुळीला ते 'कण' म्हणतात,
मोर्च्याला 'संवादातली दरी',
शाळेला दिलेल्या वॉटर कूलरला 'प्रतिमा'.
कूलरवर निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव.
पाणी गार असतं. खोटं कशाला बोलू,
मीही पिते.

चैताच्या अखेरीस गीरजाबाई नन्नावरेनं
कुरोड्यांची खाट उचलली, सुनांनी दुसरी बाजू धरली,
आणि आणून ठेवली थेट गेटासमोर.
पांढऱ्या कुरोड्या राखेच्या रंगाच्या झालेल्या.
घोषणा नाही, फलक नाही. फक्त खाट.

फोनवर साहेब म्हणाले, क्रायसिस.
पहिला तास सोन्याचा असतो, लिहून घे:
धुळीचं प्रमाण विहित मर्यादेत आहे.
नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.
माइकवर वाच. तू गावची आहेस,
तुझ्या तोंडून विश्वासार्ह वाटेल.

विश्वासार्हता. पान एकेचाळीस.

गॅस्ट्रोच्या वर्षी बाबांनी सकाळी डवंडी दिली होती,
खालच्या विहिरीचं पानी पिऊ नका हो.
संध्याकाळी सरपंचानं उलटं सांगायला पाठवलं,
टँकरचं बिल नको होतं म्हणे.
बाबा निघाले. नोकरीच ती.
पण प्रत्येक चौकात डफड्यावर थाप मारून
आधी एवढंच जोडलं, "सरपंच म्हनते, हो,
सरपंच म्हनते,
पानी चांगलं हाय."
त्या रात्री खालच्या विहिरीवर
दोर ओला झाला नाही.
पगारातून काही कापलं गेलं की नाही,
हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

माझ्या कागदावर मी वर दोन शब्द जोडले:
कंपनीच्या म्हणण्यानुसार.
फोटो पाठवला. साहेबांनी लाल रेघ मारून परत पाठवला.
त्यांच्या पुस्तकात याला संपादन म्हणतात,
माझ्याही. एकच पुस्तक आहे.

मग माइक हातात आला. तो शिट्टी मारायला लागला,
वायर हलवली, थांबला.
"कंपनी म्हनते," मी म्हणाले,
कागदात नसलेल्या बोलीत,
"कंपनी म्हनते, धूळ मर्यादेत हाय.
कंपनी म्हनते, अफवा हायेत."
गेटावरचा वॉचमन माझ्याकडे बघू लागला.
कुठलंच कुत्रं भुंकलं नाही.

गीरजाबाईनं खाटेवरची एक कुरोडी मोडली,
अर्धी ओली, आतून अजून पांढरी,
आणि माझ्या हातावर ठेवली. "खाय."

दातांखाली कचकच आली.
खिशात फोन वाजत होता. उचलला.
मेसेज पोचला का, साहेब विचारत होते, हॅलो,
पोचला का मेसेज?

तोंड भरलेलं होतं.
बोलता येईना.