शंभरातले सत्त्याण्णव

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत
जुन्या मतदारयाद्यांच्या गठ्ठ्यांशेजारी आमचा राउटर बसतो.
दुसरा नाल्यापल्याड, मालेबोडीच्या शाळेत.
मधात साडेतीन किलोमीटर धान.

दर दहा सेकंदांनी हा त्याला विचारतो : आहेस का?
तो म्हणतो : हाव, आहो. तू?
चाळीस सेकंद काहीच ऐकू आलं नाही
तर शेजारी मेला असं नोंदवून
हा दुसरी वाट धरतो.
रडत नाही, तेरवीला थांबत नाही.

आमच्या दोन गावांचं
तुडुमाच्या पाण्यावरून बिनसलं, त्याला एकवीस वर्षं झाली.
कोणी कोणाला मेला असं नोंदवलेलं नाही.
बोलणंही नाही.

तर काम असं :
इथून शंभर पॅकेट सोडायचे,
आत काहीच नसलेले, नुसते क्रमांक घातलेले,
आणि पल्याड किती पोचले ते बघायचं.
पल्याड सुकेशिनी रामटेके बसते.
फोनवर म्हणते, "दादा, सोडा."
सोडतो.
"आले?"
"सत्त्याण्णव."
"पुन्हा मोज."
"मी नाही मोजत जी, मशीन मोजते."

सकाळी शंभर. दुपारच्या उन्हात शंभर.
रात्री बेडकांच्या कालव्यात, तरी शंभर.
फक्त साडेपाच ते सहा,
त्यातही पावणेसहाच्या सुमाराला
तीन जातात, कधी अकरा.
मंगळवारी तर चाळीस सेकंद पूर्ण भरले
आणि पडद्यावर लाल अक्षरांत
शेजारी मेला.

वायर बदलली. पोर्ट बदललं.
मोठे पॅकेट सोडले, लहान सोडले.
जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "बंद करून चालू करा,"
मग त्यांचाच फोन लागेना.

शेवटी साडेपाचला सायकल काढली.
लाइनीखालून, वर मान करून, खांब मोजत गेलो,
एकोणिसाव्याशी थांबलो.

म्हशी. मालेबोडीच्या. घराकडे निघालेल्या.
पहिलीनं खांद्याची बाजू खांबाला लावली
आणि डोळे मिटून घासली.
वर जोडाची काळी डबी हलली,
एकदा. दोनदा.
माझे तीन पॅकेट कुठं जातात ते तिथं दिसलं.
तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं अजून चार,
रेशनच्या दुकानात उभं राहावं तशा रांगेत.
ढोरकी बिसन उईके बिडी विझवून
मी काय बोलतो ते बघत होता.

बोललो असतो तर
"तुमच्या म्हशी" पासून सुरू झालं असतं
आणि तुडुमापर्यंत गेलं असतं.
"लय खाज आहे यायले," एवढंच म्हटलं.
"पाणी गेलं का गोचीड येते," तो म्हणाला,
"बिचाऱ्यायनं जावं कुठं?"

दुसऱ्या दिवशी येनाचं खोड आणलं,
चांगलं खरबरीत, साल न काढलेलं,
खांबाच्या चार हात अलीकडे, वाटेवरच पुरलं.
खांबाला बाभळीचे काटे गुंडाळले.
खड्ड्याला बिसननं हात लावला.
जागा कोणाच्या शिवारात येते
ते त्यानं विचारलं नाही, मीही नाही.

नोंदवहीत जनावरांच्या खाजेला रकाना नाही.
मी लिहिलं : दोष आढळला, दूर केला.

पावणेसहा.
"सोडा."
"आले?"
"शंभर."
मग थोडा वेळ ती काही बोलली नाही.
टेस्ट संपली की फोनचं काम संपतं.
पंख्याचा आवाज येत होता, तिच्याकडचा का माझ्याकडचा
कळेना.

"दादा," ती म्हणाली, "तुमच्याकडचा धान निसवला का?"

मी खिडकीपाशी गेलो.
दिवा लागणीची वेळ, नीटसं दिसत नव्हतं.

"अर्धा," म्हटलं. "तुमचा?"