विषय क्रमांक सात

कॉर्नवॉलच्या टोकाला, पोर्थगॅरोच्या पॅरिश कौन्सिलचं
इतिवृत्त मी अकरा वर्षं लिहिते.
महिन्याचा दुसरा मंगळवार, मेथडिस्ट चर्चमागची खोली,
ऐन मतदानात शिट्टी मारणारी किटली,
आणि लॅटिन.

लॅटिन इथे कुणालाच येत नाही.
तरी ती येते,
ओल्या छत्रीसारखी कुणाच्या तरी हातून,
आणि कोपऱ्यात उभी राहून गळत बसते.

अध्यक्ष डेन्झिल ट्रेगिजो 'प्रो टेम' आहेत,
म्हणजे तात्पुरते.
एकोणीस वर्षं झाली.
खुर्चीची गादी दोनदा बदलली.

बैठक 'इन कॅमेरा' होणार असं फलकावर लागलं
तेव्हा मेरिन बोलिथो केस विंचरून आल्या,
ठेवणीतला निळा कोट घालून,
आणि दारातूनच परत गेल्या.

पोस्टातला पास्को, नवा सदस्य,
तीन महिने गप्प राहून एकदा मला हळूच म्हणाला,
हा नेम कॉन कोण?
सगळे ठराव हाच कसा मंजूर करतो?
मी म्हटलं, कुणीही विरोध केला नाही, याचं ते नाव.
तो थोडा थांबला.
मग तो मीच की, म्हणाला.

विषय क्रमांक सात जागो नॅनकर्विसचा.
बंदराच्या पायऱ्यांना कठडा हवा.
अठ्ठावीस पायऱ्या, शेवाळ,
आणि त्याची बायको तेराव्या पायरीवरून
हे वाक्य त्याने कधी पुरं केलं नाही,
म्हणून इतिवृत्तातही ते अर्धंच आहे.

पहिल्या खेपेला डेन्झिल म्हणाले,
कठडा 'अल्ट्रा वायरीज' आहे, आपल्या अधिकारात बसत नाही.
जागोला एकाच कानाने ऐकू येतं.
वायर नको, तो म्हणाला, तारेनं हात कापतो,
साधा पाइप चालेल.
कुणी हसलं नाही. हसण्यापुरता कोरम नव्हता.
पुढच्या खेपेला विषय 'सिने डाय' तहकूब.

त्याच्या पुढच्या मंगळवारी जागो हजर, टोपी हातात.
मग, कुठला दिवस ठरला?
जूनमध्ये हेच. जुलैमध्ये हेच.
ऑगस्टमध्ये सभा नसते,
तरी तो येऊन बंद दारापाशी उभा होता म्हणे.

सप्टेंबरात मिस लव्हडे कार्थ्यू उठल्या.
वय एक्क्याण्णव. पेन्झान्सच्या शाळेत
त्यांनी लॅटिन शिकवलं, घेणारे होते तोवर.
काठी टेकत म्हणाल्या,
बिचारीला कशाला बदनाम करता?
या भाषेत माणसं मासळीचा भाव करायची,
पोरांना जेवायला हाका मारायची.
सिने म्हणजे विना, डाय म्हणजे दिवस.
दिवसाविना. एवढंच आहे ते, उघडं आणि खरं.
तुम्ही तिचं झाकण केलंत,
भांडं रिकामं आहे हे दिसू नये म्हणून.
आणि जागो, तुझ्या तोंडाला पानं पुसलीत यांनी,
रोमहून आणवलेली पानं.

ठराव झाला: यापुढे साध्या भाषेत.
मी सवयीनं 'नेम कॉन' लिहिलं, खोडलं,
लिहिलं: कुणी नाही म्हणालं नाही.
पास्कोनं हात वर केला होता,
तोही लिहिला.

ऑक्टोबर. विषय सात.
डेन्झिलनी तोंड उघडलं, मिटलं,
चष्मा पुसला, परत पुसला.
साध्या भाषेत नाही म्हणायचं
तर समोरच्या माणसाकडे बघावं लागतं.
किटली ओरडत राहिली, कुणी उठेना.
शेवटी म्हणाले,
पैसे तर मार्चपासूनच आहेत.
वेल्डरला फोन मी करायचा होता.
राहिला.

अकरा वर्षांत मी लिहिलेलं
सगळ्यात छोटं वाक्य ते.
राहिला.

कठडा नाताळाआधी लागला,
एकाच बाजूला, खाली जरा तिरका.
जागो भरतीच्या वेळा बघून उतरतो,
तेराव्या पायरीवर थांबतो, हात बदलतो.

दुसऱ्या मंगळवारी तो अजूनही येतो.
त्याचा विषय नसतो,
मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसतो.
मी हजेरीत लिहिते:
नागरिक, एक.