टॉवेलाची गुंडाळी

आडवे व्हा, सेन्योर देल्फिम, योलांदा सांगते.
पोरीचं वय माझ्या हातोडीपेक्षा कमी.
गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी सरकवते
आणि म्हणते, दाबा.
कशाला? टॉवेल पळून चाललाय?
दाबा. मांडी आवळा. पाच मोजेपर्यंत धरा.
श्वास कोंडू नका.

एकेचाळीस वर्षं मी सेतूबालच्या फुटपाथांवर
गुडघे टेकले,
मुकादमापुढे मात्र एकदाही नाही.
पांढरी चुनखडी, काळी चुनखडी,
तळहातावर फिरवून एकच घाव,
की दगड बसायचा हिरडीत दात बसावा तसा.
खालची वाळू कुठे पोकळ, पाणी कुठून निघेल,
हे मला गुडघेच सांगायचे.
अक्कल गुडघ्यात म्हणून लोक हसतात.
माझी होतीच तिथे.

आता एक्स-रेत दोन हाडं अगदी खेटून बसलीत,
मधली वाळू वाहून गेलेल्या दगडांसारखी.
मी म्हटलं, झिजलेला दगड बदलतात,
त्याला कसरत नाही शिकवत कुणी.
ती म्हणाली, दगडाला मांडी नसते.

हे खरं.

घरी खुर्ची भिंतीला लावून ठेवलीय.
हात छातीवर, नाक पुढे, भार पावलांवर,
उठायचं.
मग बसायचं, पोतं टाकल्यासारखं नाही,
सावकाश.
दहा वेळा. सहाव्याला गुडघा कुरकुरतो,
आठव्याला मी.
मारिआ दो कार्मो स्वयंपाकघरातून आकडे मोजते
आणि मुद्दाम सात दोनदा म्हणते.

दुखलं तर?
दुखेल थोडं. सकाळपर्यंत उतरलं, तर चालू ठेवा.
नाही उतरलं, तर उद्या पाचच.
असा मुकादम मला कधी भेटला नाही.

नवव्या आठवड्यात मासळीबाजाराच्या पायऱ्या उतरलो,
दुखरा पाय आधी, कठडा धरून.
खाली माझीच लाट, काळी-पांढरी,
आणि तिच्या वळणावर एक दगड सुटलेला.
दिव्याचा खांब धरला, पाय फाकवले,
ढुंगण मागे, तिने शिकवलं तसं,
खाली गेलो.
आणखी खाली.
सार्डिनची पिशवी घेऊन एक बाई थांबून बघत राहिली.

पोचलो नाही. चार बोटं कमी पडली.
दगड काठीने ढकलला, तो वाकडाच बसला.

गुरुवारी योलांदाला हे सांगितलं, थोडं रागातच.
तिने टॉवेल गुंडाळता गुंडाळता
वहीत लिहिलं : चार बोटं.