वीस व्होल्ट

जानेवारीत नागपूरची हवा इतकी कोरडी होते
की अंधारात स्वेटर काढला
तर बाह्यांतून निळ्या ठिणग्या कडकडतात.

इतवारीत, पराते उस्तादांच्या दुकानावर पाटी आहे:
ई-रिक्षाचे कट्रोलर दुरुस्त करून मिळतील.
अनुस्वार मागच्या पावसाळ्यात धुऊन गेला.

पहिल्याच दिवशी उस्तादांनी
तीन पायांचा एक काळा तुकडा चिमट्यात धरून दाखवला.
"हा मॉसफेट. याच्या ड्रेनवर साठ-सत्तर व्होल्ट टाक,
सहन करते. शंभर अँपिअर वाहून नेते, कुरकुर नाही.
पण गेटवर वीस.
एकविसाव्याची हमी कोणी देत नाही."
काहून, मी विचारलं.
"आत काच आहे ना पोरी.
केसाचे उभे हजार भाग कर,
त्यातल्या एका भागाएवढी जाड.
अन् तू नुसती खुर्चीवरून उठली
तरी तुझ्या अंगावर पाच हजार."

मी हसले.
अंगावर पाच हजार, पर्समध्ये ऐंशी रुपये.

खिळ्याला मनगटाचा पट्टा टांगलेला होता.
त्याची वायर लोखंडी कपाटामागून
थेट मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात जायची,
जिथं उस्ताद उन्हाळाभर
तुळशीला घालावं तसं पाणी घालायचे.

त्या दुपारी ते जेवायला गेले होते.
झिंगरूभाऊंची रिक्षा दारात उभी, भाऊ घाईत.
मी उठले, काळ्या फोममधून मॉसफेट उपटला,
पायांना धरून.
पट्टा खिळ्यावरच.
ठिणगी नाही, चटका नाही, काहीच नाही.
माणसाला तीन हजारांखालचं कळतच नाही म्हणतात.
मीटर लावला: ठीक.
चाक फिरलं. भाऊंनी नोट दिली, मी सुट्टे दिले.

तेविसाव्या दिवशी,
मेडिकलच्या दोन नर्सना घेऊन पुलाची चढण चढताना
रिक्षा एकदम थांबली.
भाऊ ती ढकलत आले,
नर्स रात्रपाळीला पायी गेल्या.

उस्तादांनी कंट्रोलर उघडला.
गेट आणि सोर्स आतल्या आत एक झालेले.
मला काही विचारलं नाही.
नवा मॉसफेट लावला, पैसे घेतले नाहीत,
आणि गेटपाशी पंधरा व्होल्टचा झेनर जोडला,
शेजारी दहा हजार ओमचा रेझिस्टर.
"गेट मोकळं नाही सोडायचं," ते म्हणाले, बोर्डाकडेच पाहत,
"आलेला चार्ज तिथंच बसून राहते.
वाटलं बंद आहे, तर चालू.
त्याले हळूहळू उतराले वाट पाहिजे."

मी सोल्डरची तार गुंडाळत राहिले.
चार दिवस राहिले.

पाचव्या दिवशी शटर ओढताना बोलून टाकलं:
तो मी लावला होता, पट्टा न बांधता.
त्यांनी कुलूप लावलं,
दोनदा ओढून पाहिलं.
"वही पाहत जा कधी," म्हणाले, आणि सायकलवर बसले.

सकाळी वही उघडली.
झिंगरूभाऊंच्या गाडीचा नंबर, तारीख,
आणि बिघाडाचं कारण लिहायच्या रकान्यात
त्यांच्या तिरक्या अक्षरात
एकच शब्द:
स्वेटर.

मी पट्टा बांधला.
धातूची टिकली मनगटाला लागली, गार.