काडी

मे महिन्यात ती अंगठ्यानेच मोडते.
कट्. आणि बोटभर पाणी.
लामझिरा चालता चालता नको ते फुटवे काढते,
नखांत हिरवं साचतं,
रात्री पावालाही तोच तुरट वास.

जुलैत तार ओलांडून वर, डोक्याच्याही वर,
आणि तरी कोवळी.
वारा म्हणेल तिकडे.

ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात कधीतरी
बुडाजवळचं एक पेर तपकिरी होतं.
मग त्याच्या वरचं.
रंग खालून चढतो,
जणू कुणी काडी चहात उभी करून विसरलंय.
साल सैल पडते, धागे सुटतात,
आतला भेंड आकसतो,
तणाव्याची तर तारच होते.
शेंडा मात्र पानं काढतोच आहे.
त्याला कुणी कळवलेलंच नाही.

अलाझानीच्या खोऱ्यात थंडी डोंगरावरून उतरते, एका रात्रीत.
सकाळी शेंडे काळे,
शिजलेल्या पाल्यासारखे लोंबणारे.
पिकलं तेवढं राहिलं.

फेब्रुवारी. छाटणी.
बहिणीचा बाचाना, वय एकोणीस,
खिशात पोलंडमधल्या कारखान्याचा कागद,
सोमवारची बस.
कात्री भलत्याच जागी लावतो.
"थांब. आधी वाकव. बोलते का बघ."
काडी करकरते, मोडत नाही.
"आता वरचं टोक."
टोक गप्प राहतं आणि तुटतं.

"मावशी, हे मला ऐकवतेस?"
"तुला कशाला? वेलीचं बोलतेय."
तिचे कान लाल. थंडी होतीच म्हणा.

छाटलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधल्या,
एक तिथेच पेटवली, मांस भाजायला.
पिकल्या काड्यांचा निखारा झाला,
कोवळ्या नुसत्या धुमसत राहिल्या.
बाचाना त्या पायाने बाजूला सारत होता,
काही न बोलता,
एकेक.

मार्चमध्ये कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकतं.
इथले लोक म्हणतात, वेल रडते.
लामझिराला ते पटत नाही.
मुळं जागी झाली, एवढंच.

तरी ती त्याच्या ओळीत शिरते,
जुन्या खोडांना हात टेकत.
खोडांची साल चिंध्या चिंध्या,
नखाने खरवडल्याशिवाय
जिवंत की मेलं, सांगता येत नाही.
त्याने केलेले काप ती मोजते.
सदतीस.
दोन चुकीचे.
नाही, एकच.
दुसऱ्याखाली डोळा फुगलाय.