कंपूच्या ठाण्यात जमा

आचारसंहिता लागली तशी
बारा बोअर जुन्या चादरीत गुंडाळून
कंपूच्या ठाण्यात रांगेला उभा आहे.
पुढे भदौरियाजी. त्यांच्या दोन, मुलाची एक.
मुंशी नंबर वाचतो,
मी बंदुकीच्या वतीने 'हाजिर' म्हणतो.

इतक्यात रेवतीचा फोन. कॅनडात रात्र आहे.
सरोवराच्या मधोमध, म्हणते, सरहद्द जाते,
दिसत नाही, पाण्यावर काय दिसणार.
पलीकडे दीर राहतो, अमेरिकेत.
त्याच्या ट्रकमध्ये सीटमागे रायफल, छत्रीसारखी.
इकडे यायचं तर कागद, शुल्क, कुलूप,
पिस्तूल तर घरीच ठेवून यायचं.
"मग अस्वल आलं तर?"
"तिखटाचा फवारा असतो, बाबा. आणि जेवणाचे डबे झाडाला टांगतो."

तिखट!
आजोबांचा शिकारीचा परवाना आठवतो,
रियासतीची मोहर, चंबळेच्या धारेपर्यंत चालणारा.
धारेपलीकडे धौलपूरचं राज्य, धौलपूरची जनावरं.
एकदा सांबर अर्ध्या पाण्यात गेलं
आणि आजोबा बंदूक उतरवून बघत राहिले
कुठे निघतं ते.
ही गोष्ट ते हरल्यासारखी सांगत नसत.

"तंबूत रात्री काय ऐकू येतं गं?"
"लून नावाचा पक्षी. रडल्यासारखा.
दोन्ही काठांवरून."

मुंशी पावती फाडतो. शेरा: नळीला गंज.
काडतुसं? पाच.
अठ्ठ्याण्णव सालापासून पाचच.

बाहेर येतो. डावा खांदा
अजून थोडा खालीच.
तिघऱ्याच्या धरणावर गेलो नाही कित्येक वर्षांत.
या वेळी टेम्पो मिळतो का,
विचारायला हवं कुणाला तरी.