उजवा कौल

रवळनाथाच्या दोन्ही खांद्यांवर
पिटकोळीची ओली कळी चिकटवून
बाबा गाऱ्हाणं घालायचे.
"व्हय म्हाराजा," सगळे म्हणायचे.
मी खांबाआड, श्वास रोखून.
उजवी पडली की वाटायचं,
देवाने खांदा हलवला.

अकराव्या वर्षी दिसलं:
उजव्या कळीला बाबांचं बोट
पाणी कमी लावतंय.
समोर शेवंती तांडेल. मुलाची होडी
तीन दिवस परतली नव्हती.

प्रसादाचा नारळ मी खाडीत भिरकावला.
बाबांशी आठवडाभर नुसतं हं, हूं.

पुढे कणकवलीला, कॉलेजात,
हा किस्सा रंगवून सांगायचो.
त्या रात्री शेवंतीकाकू घरी जाऊन
पेजेचे चार घास जेवल्या,
तेवढं मात्र गाळायचो.

आता त्या जागी मी बसतो.
बाबांचा मान, बाबांचा तांब्या.
देव आहे का, मला विचारू नका.
दगड पहाटे गार असतो, एवढं माहीत आहे.

काल काकूंची नात आली,
मोबाइलमध्ये बापाचा रिपोर्ट घेऊन.
मी बोट धोतराला पुसलं,
जवळजवळ कोरडीच लावली उजवी कळी.
ती पडेना.
कितीतरी वेळ पडेना.
आणि मी देवासमोर, या वयात,
श्वास रोखून.